ट्रकचं इंजिन उतरवणारे

निस्सानने १९८९ च्या मॉडेलपासून अमेरिकेत २४०एसएक्स नावाची दोन दारांची गाडी विकायला काढली. नाक खाली झुकलेलं, दिवे बटण दाबल्यावर वर येणारे, ताकद मागच्या चाकांना, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आणि वजन साधारण बाराशे किलो. वळणावर ही गाडी तिच्या किमतीच्या मानाने फारच गुणी होती. बॉनेट उघडलं की मात्र विरस व्हायचा. आत बिडाच्या ब्लॉकचं २,३८९ सीसीचं इंजिन. खालच्या आरपीएमला बऱ्यापैकी ओढणारं, वर गेलं की धापा टाकणारं. सुरुवातीला ते १४० अश्वशक्तीचं होतं, १९९१ पासून १५५ चं झालं. याच घराण्यातलं इंजिन निस्सानच्या पिकअप ट्रकमध्येही असे, आणि खरं तर ते तिथेच जास्त शोभे.

याच सांगाड्याची गाडी, एस१३ पिढीची, जपानमध्ये १९८८ पासून सिल्व्हिया या नावाने रस्त्यावर होती, आणि तिथे तिच्यात टर्बो मिळत होता. आधी १.८ लिटरचं १७५ अश्वशक्तीचं सीए१८डीईटी, मग १९९१ मध्ये दोन लिटरचं एसआर२०डीईटी. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, ताकद २०५ अश्वशक्ती. म्हणजे अमेरिकेतल्या इंजिनापेक्षा आकाराने लहान, वजनाने हलकं आणि तरी पन्नासएक घोड्यांनी पुढे. अमेरिकेतल्या तरुण गाडीवेड्यांना हे कळायला वेळ लागला नाही. सांगाडा एकच आणि फाउंडेशनचे बोल्ट जिथल्या तिथे, तर हे इंजिन आपल्या गाडीत का बसू नये, असा प्रश्न त्यांना पडला. घरच्या गॅरेजात टर्बो इंजिन बसवण्याच्या उद्योगाचा अमेरिकेतला एक मोठा प्रवाह या प्रश्नातून वाहू लागला. त्याचा हिशेब मांडताना पाने आणि बोल्ट यांच्याइतकेच दोन देशांचे कायदेही ध्यानात घ्यावे लागतात.

जपानमध्ये लहान गाड्यांचा एक कायदेशीर वर्ग आहे. लांबी ४.७ मीटरच्या आत, रुंदी १.७ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन २,००० सीसीच्या आत. या मर्यादांच्या बाहेर पाऊल पडलं की गाडी मोठ्यांच्या वर्गात जाते. १,९९८ सीसीचं एसआर२० या कुंपणाला अगदी टेकून उभं होतं. ताकद हवी पण सीसी वाढवायचे नाहीत, अशा वेळी टर्बो हाच सरळ मार्ग. निस्सानला हे कुंपण किती जाचक होतं ते पुढच्या पिढीत दिसलं. एस१४ सिल्व्हियाची रुंदी १.७ मीटरच्या वर गेली, जपानी गिऱ्हाईक रुसलं, आणि १९९९ च्या एस१५ मध्ये कंपनीने गाडी पुन्हा अरुंद करून घेतली. अमेरिकेत असलं कुंपण नव्हतं. पेट्रोल स्वस्त होतं, मोठ्या इंजिनाचा निवांत जोर लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. म्हणून तिकडे टर्बो आणि इकडे २.४ लिटर.

मग अख्खी सिल्व्हियाच का आणू नये? अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्याने खासगी गाडी आयातीची वाट जवळजवळ बंद केली होती. तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आत येत नाही. सुटं इंजिन मात्र यंत्राचा भाग म्हणून येत होतं.

आणि ते येत होतं ढिगाने. जपानची वाहन तपासणी, म्हणजे ‘शाकेन’, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. तिचा खर्च सोसण्यापेक्षा गाडी बदललेली बरी, असं अनेक जपानी मालकांना वाटतं. त्यामुळे कमी चाललेल्या, चांगल्या अवस्थेतल्या गाड्या भंगारात किंवा निर्यातीला जातात. व्यापाऱ्यांनी त्या दारांच्या पुढे आडव्या कापून कंटेनरमध्ये रचायला सुरुवात केली. या पुढच्या अर्ध्या तुकड्याला अमेरिकेत ‘फ्रंट क्लिप’ म्हणू लागले. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, इंटरकूलर, वायरिंग, इंजिनाचा संगणक असं सगळं एकत्र मिळे. ज्याला पूर्ण धड नको, त्याला इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग एवढाच ‘मोटर सेट’. ज्या इंजिनासाठी निस्सानने अमेरिकन गिऱ्हाइकाला कधी दार उघडलं नाही, ते लाकडी पॅलेटवर बांधून काही हजार डॉलरांत त्याच्या अंगणात येऊन पडू लागलं.

हौसेला खतपाणी घालणाऱ्या गोष्टीही त्याच सुमारास जुळून आल्या. जपानी घाटरस्त्यांवरचं ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळण घेणं, केइची त्सुचिया या रेसरमुळे गाजलं होतं. शुइची शिगेनोची ‘इनिशियल डी’ ही चित्रमालिका १९९५ पासून हेच वेड घरोघरी नेत होती. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मध्ये लेटी हे पात्र २४०एसएक्स चालवतं. जपानची डी१ ग्रां प्री २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्विनडेलला येऊन गेली, पुढच्याच वर्षी अमेरिकेची स्वतःची फॉर्म्युला ड्रिफ्ट सुरू झाली. २००६ च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ची तर कळच इंजिनबदलात आहे: मोडक्या सिल्व्हियातलं निस्सान स्कायलाइनचं आरबी२६ इंजिन काढून ते १९६७ च्या फोर्ड मस्टँगमध्ये बसवलं जातं. सिनेमात हे काम गाण्याच्या लयीत काही मिनिटांत उरकतं. गॅरेजात तसं होत नाही.

टर्बोचं तत्त्व सोपं आहे. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एका छोट्या चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत घ्यावी लागते. दाब मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून धुराला बगल देणारी एक झडप असते. अवेळी पेट घेऊन पिस्टन फुटू नयेत म्हणून कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवतात. एसआर२०डीईटीचं ते ८.५ ला १ आहे. २४०एसएक्सच्या मूळच्या सोळा झडपांच्या इंजिनाचं ९.५ ला १. एवढं समजलं की पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ सापडतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या बाजूला लटकवलेला एक सुटा भाग नव्हे. ऑइल, पाणी, हवा, पेट्रोल, ठिणगी आणि उष्णता या सहाही गोष्टींशी त्याचा रोजचा व्यवहार असतो.

जुनं इंजिन उतरवणं हा कामाचा सर्वांत नाट्यमय आणि त्यातल्या त्यात सोपा भाग. बॉनेट बिजागऱ्यांजवळ खुणा करून काढायचं. बॅटरी सोडायची, पाणी आणि ऑइल उपसायचं, पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवायचा, एसीचा गॅस परवानाधारक माणसाकडून काढून घ्यायचा, कारण तो हवेत सोडणं गुन्हा आहे. रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, गिअरची दांडी सुटली की फाउंडेशनचे नट उरतात. इंजिन उचलायची घडीची क्रेन भाड्याने मिळते. जाणकार मंडळी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच, नाक वर करून बाहेर काढतात. एक पथ्य कुणी सांगायची गरज नसावी, तरी सांगावंच लागतं: लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही न्यायचं नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही.

खरा कस लागतो तो नवं इंजिन आत जाण्याआधी. ‘नवं’ हा शब्दही उदारपणे वापरायचा. ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बनलेलं, समुद्र ओलांडून आलेलं, आधीच्या मालकाने कसं चालवलं याचा पत्ता नसलेलं यंत्र आहे. शहाणं गिऱ्हाईक विकत घेतानाच चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतं. आकडा किती यापेक्षा चौघांमध्ये फरक किती, हे जास्त बोलकं. टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहायचा, ऑइलमध्ये धातूचा चुरा आहे का ते तपासायचं. मग इंजिन स्टँडवर असतानाच पुढचे-मागचे ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग चेनचा टेन्शनर, टर्बोच्या ऑइल लाइनची गॅस्केट, क्लच प्लेट हे सगळं बदलून टाकायचं. मागचा ऑइल सील काही फार महाग नसतो. तो इंजिन बसल्यावर गळायला लागला तर मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. या टप्प्यावर पैसे वाचवणारे लोक पुढे तेच काम दुसऱ्यांदा करतात.

२४०एसएक्सच्या बाबतीत नशिबाची बाजू अशी की एस१३ च्या एसआर इंजिनासाठी काही कापावं किंवा वेल्डिंग करावं लागत नाही. एसआरचे स्वतःचे फाउंडेशन ब्रॅकेट गाडीच्या मूळ क्रॉसमेंबरवर बसतात. जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जुळत नाही, पण एसआरचा गिअरबॉक्स सोबत आलेलाच असतो आणि मॅन्युअल गाडीचा मूळ शाफ्ट त्याला लागतो. मूळ गाडी ऑटोमॅटिक असली तर क्लचचं पेडल, त्याचा सिलिंडर आणि पाइप अशी वेगळी जमवाजमव. जपानच्या कारखान्यातून हे इंजिन याच सांगाड्यात बसून बाहेर पडत होतं, म्हणून इथे इतकी सोय. हीच सवलत प्रत्येक गाडीला मिळेल असं समजणारे फसतात. आरबी मालिकेतलं सहा सिलिंडरचं इंजिन याच गाडीत घालायचं म्हटलं की नवे ब्रॅकेट, नवा शाफ्ट, रेडिएटरची जागा असा प्रत्येक गोष्टीचा नव्याने विचार सुरू होतो.

आणि मग वायरिंग. बहुतेक अर्धवट गाड्या इथे अडकतात. कंटेनरमधून आलेली वायरिंग कधी घाईत कापलेली असते, कधी उष्णतेने तिचं आवरण चुरा झालेलं असतं. इंजिनाकडची बाजू जपानी, डॅशबोर्डकडची अमेरिकन. रंग आणि पिनांचा क्रम सगळीकडे जुळत नाही. वीज, इंधन पंपाचा इशारा, आरपीएमचा काटा, तापमानाचा काटा, वेगाचा सेन्सर अशा तारा एकेक करून आराखड्यावर पडताळून जोडाव्या लागतात. एक तार चुकली तर गाडी सुरूच होत नाही. हे परवडलं. त्याहून वाईट म्हणजे गाडी सुरू होते, पण हवा मोजणाऱ्या सेन्सरचा इशारा मधेच तुटतो, चढावर अचानक पेट्रोल कमी पडतं आणि मालक महिनाभर टर्बोला दोष देत राहतो. पुढे केवळ या गाड्यांसाठी तयार वायरिंग बनवून विकण्याचा धंदाच उभा राहिला. घरी सगळं स्वतः करण्याचा अभिमान असलेले लोकही वायरिंगपाशी येऊन ती विकत घेतात, आणि ते योग्यच करतात.

पहिल्यांदा चावी फिरवताना घाई नडते. आधी इंधन आणि ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवायचं, ऑइलचा दाब दिसेपर्यंत, कारण कोरड्या टर्बोला पहिले काही सेकंदच पुरेसे घातक असतात. मग गाडीचं नाक वर करून पाण्यातली हवा काढायची. ही हवा राहिली की काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड मात्र तापत असतं. अॅल्युमिनियमचं हेड असं एकदा वाकलं की सगळी बचत मशीन शॉपमध्ये जाते.

एवढं करून गाडी चालू झाली तरी ती संपूर्ण झाली असं नव्हे. मूळचा पेट्रोल पंप टर्बोची भूक भागवू शकत नाही. वॉलब्रो कंपनीचा तासाला २५५ लिटरचा पंप हा या मंडळींचा ठरलेला उपाय. सिल्व्हियाचा मूळ इंटरकूलर चाकाच्या पुढे कोपऱ्यात असतो, दाब वाढवणारे तो काढून बंपरमागे मोठा बसवतात. रेडिएटर बदलतात. एसीच्या लाइन जुळवणं कटकटीचं, म्हणून अनेक जण एसी सोडूनच देतात आणि ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात त्याची फळं भोगतात. ब्रेकसाठी निस्सानच्याच ३००झेडएक्सचे चार पिस्टनचे कॅलिपर आणतात. इंजिन ही खर्चाची पहिली ओळ असते. तिच्याखालच्या ओळींची बेरीज बहुधा पहिलीला गाठते.

पेट्रोलचाही एक छुपा प्रश्न आहे. जपानमध्ये महागडं पेट्रोल साधारण ९८ ते १०० ऑक्टेनचं. कॅलिफोर्नियाच्या पंपावर सर्वांत वरचं ९१ लिहिलेलं असतं. तिथली मोजणीची रीत वेगळी आहे, जपानी रीतीने ते ९५-९६ च्या घरात जातं. तरीही फरक उरतोच. जपानी पेट्रोलसाठी आखलेला ठिणगीचा वेळ घेऊन कॅलिफोर्नियाच्या उन्हात दाब वाढवला की नॉकिंग, म्हणजे अवेळी पेट घेणं, सुरू होतं आणि पिस्टनच्या कडा जातात. मूळचा अर्धा बारच्या आसपासचा दाब ठेवून एसआर वर्षानुवर्षं चालतं. एका छोट्या पंधरा-वीस डॉलरच्या झडपेने तो वाढवता येतो, ही त्याची ख्याती आणि हाच त्याचा घात. उंच आरपीएमला चुकीचा गिअर पडला तर त्याचे रॉकर आर्म जागेवरून निसटतात, ही या इंजिनाची जन्मजात खोड. ती माहीत असलेले ते निसटणं थांबवणारे तुकडे आधीच बसवून घेतात.

आता कायदा. अमेरिकेत गाडीची ओळख चॅसिसच्या क्रमांकाशी बांधलेली, त्यामुळे इंजिन बदललं म्हणून नोंदणी सहसा अडत नाही. अडतं ते प्रदूषणाशी. केंद्राच्या क्लीन एअर अॅक्टखाली गाडीच्या प्रमाणित प्रदूषण यंत्रणेत ढवळाढवळ करता येत नाही. इंजिन बदललं तर एकूण गाडी त्याच किंवा नंतरच्या वर्षाच्या एखाद्या प्रमाणित रचनेशी जुळायला हवी. एसआर२०डीईटी अमेरिकेत कधी विकलंच गेलं नाही, म्हणून त्याला प्रमाणपत्रही नाही. अनेक राज्यांत नियमित तपासणीच नसते, तिथे हे कागदावरच राहतं. कॅलिफोर्नियात तसं नाही. तिथला निरीक्षक धूर मोजण्यावर थांबत नाही, बॉनेट उघडून आत काय आहे ते बघतो. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तिथे सूट आहे, म्हणजे २४०एसएक्स कितीही म्हातारी झाली तरी सुटत नाही. गंमत अशी की ज्या राज्यात ही हौस सर्वांत जास्त फुलली, तिथेच ती सर्वांत बेकायदा होती. जुनं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात झाकून ठेवणारे आणि तपासणीच्या आधी ते परत बसवणारे वीर याच राज्याने पाहिले.

कायद्याच्या चौकटीत राहूनही हेच करता येतं, याचं चांगलं उदाहरण सुबारूचं आहे. १९९८ ते २००१ या काळात अमेरिकेला दोन दारांची इम्प्रेझा २.५आरएस मिळाली, १६५ अश्वशक्तीची, टर्बोविना. जपानमध्ये त्याच धाटणीच्या गाडीत टर्बो होता, अगदी १९९८ च्या दुर्मीळ २२बी पर्यंत. २००२ च्या मॉडेलपासून मात्र सुबारूने २२७ अश्वशक्तीची टर्बो डब्ल्यूआरएक्स अमेरिकेत विकायला सुरुवात केली. मग अपघातग्रस्त डब्ल्यूआरएक्स विकत घ्यायची आणि तिचं इंजिन, वायरिंग, संगणक, प्रदूषणाची सगळी उपकरणं जशीच्या तशी २.५आरएसमध्ये न्यायची, ही पद्धत पडली. इंजिन गाडीपेक्षा नवं, अमेरिकेत प्रमाणित, उपकरणं शाबूत. कॅलिफोर्नियाचे नियम नेमकं हेच मागतात आणि सरकारी रेफरीकडे गाडी दाखवून तसा शिक्का मिळवता येतो. काम एसआरच्या मानाने कंटाळवाणं, कारण डॅशबोर्ड उचकून अख्खी वायरिंग बदलावी लागते. पण गाडी उजळ माथ्याने रस्त्यावर फिरते.

टोयोटाच्या घरातही हीच कथा घडली. अमेरिकेत लेक्सस एससी३०० म्हणून विकली गेलेली कूपे जपानमध्ये सोअरर होती आणि तिथे तिला २.५ लिटरचं दोन टर्बोंचं १जेझेड मिळे. अमेरिकन गाडीत त्याच जातकुळीचं तीन लिटरचं साधं २जेझेड. सुप्राच्या टर्बो २जेझेडला त्यात जागा करून देणं हे या शाखेतलं मानाचं काम, आणि हे इंजिन आता इतकं महाग झालंय की अनेक जण गाडीतल्या मूळ २जेझेडलाच टर्बो लावतात.

तोच विचार २४०एसएक्सवाल्यांनीही केला. ट्रकचं म्हणून हिणवलेलं ते बिडाचं इंजिन दणकट आहे, त्याचे सुटे भाग अमेरिकेतल्या कोणत्याही दुकानात मिळतात, आणि लिटरमध्ये ते एसआरपेक्षा मोठं. त्यालाच टर्बो लावणारा एक पंथ आहे आणि त्याचं म्हणणं हिशेबाने पटण्यासारखं आहे. फक्त कॉम्प्रेशन जास्त असल्याने दाब जपून ठेवावा लागतो. दुसरा पंथ टर्बोचा नादच सोडतो आणि जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं, अॅल्युमिनियमचं व्ही८ एलएस१ घालतो. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं हे इंजिन त्यात ३४५ अश्वशक्ती देत होतं, कसलाही दाब न वाढवता, आणि भंगारवाड्यात सहज सापडे. जपानी निष्ठावंतांना ते बघवत नाही. ड्रिफ्टच्या मैदानावर मात्र निष्ठेपेक्षा शर्यतीच्या शेवटापर्यंत टिकणारं इंजिन मोलाचं ठरतं, आणि तिथे अमेरिकन व्ही८ ने बरीच जागा व्यापली.

मराठी वाचकाला परक्या शरीरात निस्सानचं इंजिन ही कल्पना तशी नवी नाही. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९८० च्या दशकात बाहेर पडलेली ११८एनई हे त्याचं रीतसर रूप होतं: अंग फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं १,१७१ सीसीचं ए१२. फरक एवढाच की ही जुळवाजुळव कारखान्याने केली आणि कागदपत्रांसह केली. घरी करायची म्हटलं तर भारतात वाट अमेरिकेपेक्षा अरुंद आहे. आपल्या आरसी बुकावर चॅसिस क्रमांकाच्या सोबत इंजिन क्रमांकही असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलणं वेगळं, सीएनजीचं मान्यताप्राप्त किट वेगळं. दुसऱ्याच गाडीचं टर्बो इंजिन घालून पासिंगला नेणं वेगळं. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत हात कमी नाहीत, अडतं ते कायद्यापाशी. म्हणून इथले लोक मूळ इंजिनालाच टर्बो लावून किंवा संगणकाची नवी आखणी करून पिकअप वाढवतात, आणि तेही बरंचसं नजरेआड.

अमेरिकेतलं गणित मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत उलटं फिरलंय. पंचवीस वर्षांचा नियम कॅलेंडरने आपोआप सोडवला. पहिल्या एस१३ सिल्व्हिया २०१३ पासून कायदेशीरपणे आत येऊ लागल्या, आणि शेवटच्या पिढीची एस१५ २०२४ पासून. अख्खी गाडी, मूळ टर्बोसह, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, बंदरातून चालवत घरी नेता येते. कॅलिफोर्निया अर्थात इथेही आपला हेका सोडत नाही. दुसरीकडे एसआर२०डीईटीचा साठा म्हातारा झाला. २००२ मध्ये सिल्व्हिया बंद पडली, चांगलं इंजिन मिळणं कठीण झालं, आणि जे मिळतं त्याला आधी उघडून बांधावंच लागतं. ड्रिफ्टच्या लोकप्रियतेने साध्या २४०एसएक्सच्या किमतीही अशा चढल्या की स्वस्त गाडी आणि स्वस्त इंजिन हे मूळ सूत्रच उरलं नाही.

त्यामुळे आज या गाडीत इंजिन बदलायचा बेत करणारा पुष्कळदा निस्सानच्याच ३५०झेडमधल्या ३.५ लिटरच्या व्ही६ कडे वळतो. ते टर्बोचं नाही, पण २८७ अश्वशक्तीचं आहे, अमेरिकेतच विकलेलं म्हणून प्रमाणित आहे, आणि अपघातग्रस्त गाड्यांच्या लिलावात मुबलक मिळतं. अडचण निघते ती वेगळ्याच बाजूने. अशा नव्या पिढीच्या इंजिनाचा संगणक चावीतल्या चिपशी आणि गाडीतल्या इतर संगणकांशी सतत बोलत असतो, आणि समोरून अपेक्षित उत्तर आलं नाही तर इंजिन सुरूच होऊ देत नाही. १९८९ च्या गाडीत ते उत्तर द्यायला कुणी नसतं. त्यामुळे घरच्या गॅरेजात आता पान्यांच्या पेटीशेजारी लॅपटॉप उघडा असतो, आणि फाउंडेशनचे बोल्ट एका शनिवारात आवळून झाल्यावर पुढचे कित्येक शनिवार त्या संगणकाची समजूत काढण्यात जातात.